घड्याळ थांबले तरी वेळ थांबत नाही

आमचे वडील, ज्यांना आम्ही घरात दादा म्हणतो, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षे लेथवर उभे राहिले. आमचे शिक्षण झाले ते त्यांच्या ओव्हरटाइमवर. आम्हाला संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा वस्तीतली मंडळी विचारीत, "मुलगा तिथं नेमकं काय करतो?" दादा सांगत, "संगणकाचा टाइम स्टडी करतो." आम्हाला त्याचे हसू येई आणि थोडा रागही येई. आज कबूल करतो की आमच्या कामाचे याहून नेमके वर्णन दुसऱ्या कुणी केले नाही. त्या कामात आमच्या हातून जी चूक झाली, तीही पहिल्यांदा दादांनीच ओळखली. ती हकीगत वाचकांपुढे, विशेषतः संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट २०१८ सालची. एका शिक्षणसंस्थेचे प्रवेश अर्ज संगणकावरून भरून घेण्याचे काम आमच्या कंपनीकडे आले होते. प्रोग्रॅम जावा या भाषेत लिहिलेला होता. तो किती वेगाने चालतो, एका वेळी किती विद्यार्थ्यांचे अर्ज पेलतो, हे मोजून अहवाल देणे हे आमचे काम. आम्ही चार दिवस मोजणी केली. एक अर्ज पाठवायचा, उत्तर येईपर्यंत थांबायचे, किती वेळ लागला ते लिहायचे, मग दुसरा पाठवायचा. हे सारे एक चाचणीचा प्रोग्रॅमच आमच्या वतीने करीत होता. शेवटी सरासरी काढली. एका अर्जाला सेकंदाचा पाचवा भाग! यादीत एखाददुसरा आकडा मोठा होता, पण तो सरासरीत विरघळून गेला. आम्ही अहवालावर सही केली. घरी येऊन भाचीला मोठ्या ऐटीत सांगितले, "तुझा अर्ज आमच्याच प्रोग्रॅमवर भरायचा आहे. चुटकीसरशी भरला जाईल."

अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता भाचीचा फोन आला. ती बहिणीच्या गावाजवळच्या तालुक्याच्या ठिकाणी सायबर कॅफेत पाच वाजल्यापासून बसली होती. उत्पन्नाचा दाखला त्याच दिवशी दुपारी हातात पडला होता, म्हणून इतका उशीर. "मामा, गोल चक्र नुसतं फिरतंय. पुढं काहीच होत नाही." आम्ही म्हटले, "पान बंद करून पुन्हा उघड." तिने तसे केले. पुन्हा चक्र. आठ वाजता फोन, नऊ वाजता फोन. आमचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. अखेर रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिचा अर्ज गेला. कॅफेचा मालक भला माणूस, त्याने दुकान उघडे ठेवले म्हणून गेला.

भाचीने दुसऱ्या दिवशी एक गोष्ट सांगितली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. साडेनऊची शेवटची एसटी गेली तर रात्र स्टँडवर काढावी लागणार, म्हणून ती दोघे अर्ज न भरताच उठून गेली. मुदत वाढली नाही. त्या मुलीचे पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही, आणि आता कळणारही नाही. पण अहवालावर सही आमची होती.

त्या रात्री आम्हाला जेवण गेले नाही. दादा जागेच होते. त्यांना आम्ही सारे सांगितले. आमची मोजणी बरोबर होती, सरासरी उत्तम होती, मग असे व्हावे कसे? दादांनी जरा वेळ विचार केला आणि विचारले, "मशीन अडली, तेव्हा तुझं घड्याळ चालू होतं का?"

मग त्यांनी त्यांच्या कारखान्यातली आठवण सांगितली. एका जॉबला किती वेळ लागतो हे ठरवायला टाइम स्टडीवाला घड्याळ घेऊन शेजारी उभा राही. जॉब चालू, घड्याळ चालू. पण टूल तुटले की तो घड्याळ बंद करी. नवे टूल आणायला स्टोअरमध्ये जा, तिथे रांगेत उभे राहा, परत येऊन टूल बसवा, मग तो घड्याळ पुन्हा सुरू करी. त्याच्या कागदावर पाळीला अमुक इतके नग सहज निघत. प्रत्यक्षात कुणाचेच निघत नसत, आणि तितके निघाले नाहीत की इन्सेंटिव्ह कापला जाई. दादा म्हणाले, "घड्याळ थांबलं म्हणून काय वेळ थांबते? आमची पाळी तर संपतच होती ना!"

आम्ही ताडकन उठून बसलो. आमच्या चाचणीनेही हेच केले होते. प्रोग्रॅम अडला की आमचा मोजणाराही त्याच्याबरोबर अडून बसे. उत्तर आल्याशिवाय तो पुढचा अर्ज पाठवीतच नव्हता. अडलेल्या वेळात जे शेकडो विद्यार्थी येऊन रांगेत उभे राहिले असते, त्यांची नोंदच होत नव्हती.

हे आकड्यांनी सांगतो, म्हणजे नीट ध्यानात येईल. समजा, दर सेकंदाला एक माणूस खिडकीवर येतो आणि त्याचे काम सेकंदाच्या दहाव्या भागात होते. असे ९० सेकंद सुरळीत चालले. मग खिडकी १० सेकंद बंद पडली. आमच्या पद्धतीने मोजणाऱ्याच्या वहीत ९० नोंदी छोट्या आणि एकच नोंद १० सेकंदांची. एकूण १९ सेकंद, भागिले ९१ नोंदी. सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास. छान! पण माणसे तर येतच होती. त्या १० सेकंदांत दहा माणसे आली. पहिला दहा सेकंद थांबला, दुसरा नऊ, तिसरा आठ, असे करता करता शेवटचा एक सेकंद. त्यांची बेरीज ५५. आता एकूण ६४ सेकंद, भागिले १०० माणसे. सरासरी तिपटीने वाढली. तीही सोडा. पहिल्या हिशोबात ९१ जणांपैकी एकच रखडला, खऱ्या हिशोबात शंभरातले दहा रखडले. खिडकी तीच, बिघाड तोच. फरक फक्त मोजणाऱ्याचा.

या चुकीला गिल टेने या तज्ज्ञाने 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' असे नाव दिले आहे. मोजणारा आणि ज्याला मोजायचे तो, दोघे मिळून वाईट वेळ वगळून टाकतात, असा त्याचा अर्थ. दोघांच्याही मनात लबाडी नसते. आमच्याही नव्हती. पण लबाडी नसली तरी हिशोब खोटाच होता.

आता प्रश्न उरला की प्रोग्रॅम अडत का होता? त्यासाठी जावा कशी चालते ते थोडे समजून घेतले पाहिजे. सी सारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आधी संपूर्णपणे यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतात आणि मग चालवतात. मेमरीत जागा मागायची आणि काम झाल्यावर ती परत करायची, ही जबाबदारी लिहिणाऱ्याची. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने जावा बाहेर काढली, तिचा प्रोग्रॅम मात्र थेट यंत्रावर चालत नाही. मध्ये एक व्यवस्थापक बसलेला असतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सी शार्प, जावास्क्रिप्ट, पायथन यांच्यामागेही असाच कुणीतरी बसलेला असतो, प्रत्येकाची रीत थोडी वेगळी. हा व्यवस्थापक लिहिणाऱ्याचे पुष्कळ कष्ट वाचवतो. पण तो स्वतःही वेळ खातो, आणि केव्हा खाईल ते सांगून खात नाही.

त्याचे एक काम म्हणजे साफसफाई. खानावळीत उष्टी ताटे साचत गेली की एक वेळ अशी येते की वाढायला स्वच्छ ताटच उरत नाही. मग पंगत थांबवून आधी ताटे घासावी लागतात. तसेच मेमरीचे होते. वापरून झालेली माहिती साचत जाते, ती शोधून जागा मोकळी करण्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प या भाषेविषयीच्या लेखात मांडली, म्हणजे जावाच्या किती तरी आधी. छोटी सफाई पटकन होते. पण मेमरी गच्च भरली तर जुन्या पद्धतीच्या कलेक्टरला सारा प्रोग्रॅम थांबवून सफाई करावी लागते, आणि त्यात काही सेकंदही जाऊ शकतात.

आमच्या प्रोग्रॅममध्ये नेमके हेच होत होते. विद्यार्थ्याचा फोटो, गुणपत्रिका, दाखले हे सारे तो अख्खेच्या अख्खे मेमरीत धरून ठेवीत होता. चाचणीत आम्ही दर वेळी एकच छोटासा फोटो पाठवला होता. सायबर कॅफेतला स्कॅनर मात्र एकेक दाखला भल्या मोठ्या आकाराचा करून देतो. शेवटच्या दिवशी मेमरी भरली, सफाई सुरू झाली, चक्रे फिरू लागली. चक्र फिरते म्हणून मुलांनी पान पुन्हा पुन्हा उघडले, त्यामुळे बोजा आणखी वाढला. "पुन्हा उघड" असे भाचीला सांगणारे तर आम्हीच होतो.

व्यवस्थापकाचे दुसरे काम वेग वाढवण्याचे. जावाचा प्रोग्रॅम सुरुवातीला संथ चालतो. कोणता भाग वारंवार लागतो यावर व्यवस्थापक नजर ठेवतो आणि तेवढा भाग चालू कामातच यंत्राच्या भाषेत उतरवतो. १९९९ साली आलेल्या त्याच्या नव्या रूपाला हॉटस्पॉट म्हणजे 'गरम जागा' हे नाव पडले ते यावरूनच. सर्व्हरसाठीच्या त्याच्या जुन्या पद्धतीत एखादा भाग १०,००० वेळा चालला की तो गरम समजला जाई. हल्ली हे काम टप्प्याटप्प्याने होते. कधी व्यवस्थापकाचा अंदाज चुकतो, मग केलेले मोडून तो पुन्हा संथ चालीवर येतो.

हे दादांना सांगितले तर ते म्हणाले, "यात नवल काय? थंडीच्या दिवसांत पहिल्या पाळीला लेथ गार असते, पहिले दोन-चार नग मापात बसत नाहीत. आई पण पहिली भाकरी तव्याचा अंदाज घेऊनच टाकते." मग सुरुवातीचे आकडे टाकून द्यावेत आणि तापलेल्या यंत्राचे तेवढे घ्यावेत, असे कुणी म्हणेल. आम्हीही तसेच करीत होतो. पण २०१७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या लॉरेन्स ट्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक मोजणीआधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा, त्याचे तापमान पहिल्यासारखे होईपर्यंत थांबायचे, आणि मग एकेक छोटा प्रोग्रॅम २,००० वेळा चालवायचा. निष्कर्ष काय निघाला? व्हर्च्युअल मशीन आणि प्रोग्रॅम यांच्या जितक्या जोड्या तपासल्या, त्यांतल्या निम्म्याहून कमी जोड्याच दर वेळी खात्रीने आपल्या उत्तम वेगावर पोहोचून स्थिर राहिल्या. काही तर तापण्याऐवजी मंदावल्या. म्हणजे "एकदा तापले की झाले" हाही अंदाजच ठरला.

अशी उदाहरणे आणखी आहेत. प्रोग्रॅमचा कोणता भाग सर्वांत जास्त वेळ खातो हे दाखवणारी साधने मिळतात, त्यांना प्रोफायलर म्हणतात. २०१० साली टॉड मिटकोविच आणि त्यांच्या साथीदारांनी जावाचे नेहमीच्या वापरातले चार प्रोफायलर एकाच कामाला लावून पाहिले. पुष्कळदा चौघांचे एकमत होईना. एकच चोरी, आणि चार पंचांनी वेगवेगळे चोर धरून आणले! कारण असे की ते वाटेल त्या क्षणी डोकावत नव्हते, व्यवस्थापकाला थांबायला सोयीच्या जागा येतील तिथेच डोकावत होते. साहेब फेरीवर येणार हे आधी कळले तर खात्यात काय दिसते, हे कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाचीही गंमत झाली. एका मोठ्या हिशोबाला किती वेळ लागतो ते त्याने मोजले, तर उत्तर जवळजवळ शून्य आले. तो हरखून गेला. खरे असे होते की त्या हिशोबाचे उत्तर तो पुढे कुठेच वापरीत नव्हता. ज्याचे उत्तर कुणी विचारीत नाही ते काम करायचे कशाला, म्हणून व्यवस्थापकाने हिशोबच गाळून टाकला होता. त्या मुलाने रिकाम्या हाताचा वेळ मोजला होता. असल्या फसगती टाळण्यासाठी अलेक्सी शिपिल्योव या जाणकाराच्या पुढाकाराने २०१३ साली ओपनजेडीके प्रकल्पातर्फे जेएमएच हे साधन सर्वांसाठी खुले झाले. ते फुकट मिळते. संगणक शिकणाऱ्या मुलांनी ते जरूर वापरून पाहावे.

पुढे काय केले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी आम्ही वरिष्ठांकडे गेलो. पाय जड झाले होते. घराचा हप्ता, बहिणीचे देणे, सारे डोळ्यांपुढे होते. म्हटले, "साहेब, आमचा अहवाल चुकीचा होता." ते म्हणाले, "संस्थेकडून तक्रार नाही. बहुतेकांचे अर्ज तर भरले गेले ना?" आम्ही शंभर माणसांचा तो हिशोब कागदावर मांडून दाखवला आणि एसटीसाठी उठून गेलेल्या मुलीची हकीगत सांगितली. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आठ दिवस घ्या आणि पुन्हा मोजा."

आठ दिवसांत आम्ही मोजणीची रीतच बदलली. आधीचे उत्तर येवो न येवो, पुढचा अर्ज ठरल्या वेळी निघालाच पाहिजे. घड्याळ सुरू होणार ते विद्यार्थ्याची वेळ झाली त्या क्षणापासून. प्रोग्रॅम बंद करून दर वेळी नव्याने सुरू करायचा आणि मोजणी अनेकदा करायची, कारण आज आलेला आकडा उद्या येईलच असे नाही. दाखले खऱ्या आकाराचे पाठवायचे. सुरुवातीचे संथ आकडे फेकून न देता वेगळे लिहायचे, कारण यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर पहिला अर्ज भरणारा विद्यार्थीही विद्यार्थीच असतो. आणि अहवालात सरासरीच्या आधी हे लिहायचे की शंभरातल्या नव्व्याण्णवांचे काम किती वेळात झाले, हजारातल्या नऊशे नव्व्याण्णवांचे किती वेळात झाले, आणि सर्वांत जास्त कोण किती थांबला.

नव्या रीतीने मोजताच अडचण ढळढळीत दिसली. जी गोष्ट चार दिवसांच्या मोजणीत लपली होती, ती पहिल्याच तासात समोर आली. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दाखले मेमरीत साठवून न ठेवता तुकड्यातुकड्याने डिस्कवर उतरवण्याची सोय केली. अलीकडे जावामध्ये असे कलेक्टरही आले आहेत की जे बहुतेक सफाई प्रोग्रॅम चालू असतानाच करतात. २०१८ साली प्रायोगिक म्हणून आलेला झेडजीसी त्यांपैकीच एक. पण चांगला झाडूवाला मिळाला म्हणून घाण करीत सुटावे असे नाही, आणि मोजल्याशिवाय विश्वास ठेवावा असेही नाही.

२०१९ साली त्याच संस्थेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी आम्ही रात्री बारापर्यंत कचेरीत बसून होतो. अर्ज आले आणि गेले. भाची त्या संध्याकाळी त्याच कॅफेत होती, गल्लीतल्या दोन मुलींचे अर्ज भरून द्यायला गेली होती. साडेआठला तिचा फोन आला, "मामा, आम्ही घरी निघालो." तेवढेच बोलून तिने फोन ठेवला.

वाचकहो, ही सारी संगणकाची भाषा झाली, पण तिचा उपयोग संगणकापुरता नाही. आपल्याला रोज कुणी ना कुणी सरासरी ऐकवत असतो. इतक्या दिवसांत काम होते, इतक्या मिनिटांत गाडी येते, इतक्या वेळात अर्ज मंजूर होतो. अशा वेळी नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत. घड्याळ केव्हा सुरू केले? आणि जे रांगेतून उठून गेले, ते यात धरले आहेत का? आपल्या घरातल्या ज्या मुली आणि जी मुले उद्या संगणकाच्या कचेरीत बसतील, त्यांनी हे दोन प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. पडद्यावरचा आकडा सुंदर आला म्हणजे लगेच सही करू नये. चूक कळली तर ती सांगायला लाजू नये. आम्हाला सांगताना भीती वाटली, पण नोकरी गेली नाही, आणि रात्रीची झोप परत आली.

दादा आता थकले आहेत. ओट्यावर बसलेले असतात. येणारेजाणारे अजूनही विचारतात, "मुलगा काय करतो?" दादा सांगतात, "टाइम स्टडी करतो. पण हा घड्याळ बंद करीत नाही."